पांढरी लव

चाई म्हणजे किडा, हे आमच्या ब्राह्मणपुरीत सगळ्यांना ठाऊक आहे. तो किडा कुणी पाहिलेला नाही. तो कुठून येतो, डोकं सोडून कधी कापसावर का जात नाही, हेही कुणी विचारलेलं नाही. पण केसांत रुपयाएवढं गुळगुळीत टक्कल पडलं की तो किडाच, आणि ज्या पोरीला पडलं तिचा कंगवा दुसरीने हातात घ्यायचा नाही.

माझ्या कामिनीला अशी तीन ठिकाणी चाई पडली. दोन कानांच्या मागे, एक मधोमध टाळूवर. वय सतरा, बारावीचं वर्ष. दिवाळीच्या न्हाण्याला पहिली दिसली आणि पंधरा दिवसांत अख्ख्या गल्लीने उपाय सांगितले. कुणी म्हणे कांदा घास, कुणी म्हणे लसूण. एकीने जास्वंदीची फुलं आणून दिली, दुसरीने उंदराच्या लेंड्या वाटून लावायला सांगितल्या. माझी थोरली जाऊ कौसाबाई भिंतीपलीकडेच राहते. तिने तर सगळं डोकं भादरायचं फर्मानच काढलं.

“बठं डोकं भादरी टाक अनसू. नवं दाट येस.”

कामिनी तिथेच तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मंग मोठी माय, तू काब्र नही भादरत? तुन्हा अंबाडा तं बोरएवढा ऱ्हायना.”

तेव्हा ती अशी बोलायची. पुढे महिनाभरात डोक्यावरच्या ओढणीची गाठ सोडायची बंद झाली. कॉलेजात तिच्या बाकावर कुणी बसेना. एक दिवस तिने जेवायचं ताट माझ्यासमोर सरकवलं आणि विचारलं, “माय, मन्हं ताट बी येगळं करवानं का आते?”

तेव्हा मी तिला शहाद्याला नेलं. तिथे बाजारात हाजराबी भेटली. हाजराबी बांगडीवाली; पंचवीस वर्षं माझ्या हातात तिच्याच बांगड्या आहेत. तिने न विचारताच पोरीची ओढणी बाजूला केली, बघितलं आणि मला झापलं.

“अगं, मन्ही पोर कसाले शिकनी मंग? कांदा घसतस म्हने! चल.”

तिची पोर म्हणजे डॉक्टर कहकशाँ. चामडीची डॉक्टर, शहाद्यातच दवाखाना. लहानपणी आईच्या मागे बांगड्यांची पेटी धरून आमच्या ओट्यावर बसायची. तिने भिंग लावून तिन्ही जागा पाहिल्या.

“काकू, यात किडा नाही,” ती म्हणाली. “हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. कंगव्याने पसरत नाही, शाम्पूने होत नाही, तेल न लावल्यानेही होत नाही. रोगाशी लढायची अंगातली जी फौज असते ना, ती कधी कधी चुकून आपल्याच केसांच्या मुळांवर जाते. मुळं मरत नाहीत. नुसती गप्प होतात.”

“मग येतील परत?”

“पुष्कळांचे येतात. महिन्याला एकदा त्या जागी बारीक इंजेक्शन देऊ. हमी मी देणार नाही, कुणीच देऊ शकत नाही. पण वरून काही चोळायचं नाही. काही म्हणजे काहीच नाही.”

हमी देणार नाही, हे मला खटकलं. खोटं कशाला सांगू? डॉक्टर म्हणवायचं आणि हमी द्यायची नाही? पण पोरगी त्या दिवशी येताना बसच्या खिडकीपाशी बसली आणि घरापर्यंत गुणगुणत आली, म्हणून मी गप्प राहिले. दोन इंजेक्शनं झाली. तिसऱ्याची तारीख माघात आली आणि नेमका तेव्हाच गावचा सप्ताह बसला.

आता मी कीर्तनाची वेडी आहे, हे सांगितलंच पाहिजे. टाळ वाजायला लागले की माझे गुडघे दुखायचे थांबतात. एखाद्या बुवाने चाल वर नेली, मृदंगवाल्याने ती अलगद झेलली आणि मागच्या टाळकऱ्यांनी पुन्हा जमिनीवर आणून ठेवली, की माझ्या डोळ्यांना धार लागते. घरी चुलीवर दूध उतू जात असलं तरी जाऊ दे. कीर्तनकार ज्या जागी उभा राहतो ती नारदाची गादी. तिथे उभा असलेला मुलगा माझ्या लेकराच्या वयाचा असला तरी मी त्याच्या पायावर डोकं ठेवते. त्या गादीवरून कधी कुणी खोटं बोलेल, हे माझ्या मनाला तीस वर्षांत शिवलं नव्हतं.

म्हणून मी म्हटलं, तिसरं इंजेक्शन सप्ताह उरकल्यावर. आठ दिवसांनी काय बिघडतं?

सप्ताहाच्या पाचव्या दिवशी सकाळी कामिनी अंगणात धावत आली. कितीतरी दिवसांनी तिचं डोकं उघडं होतं.

“माय, आठे हात लाव! टाळूवर. काहीतरी लागस का नही?”

मी बोट फिरवलं. लागत होतं. वासराच्या कपाळावर असते तशी मऊ, बारीक लव. मी तिला उन्हात ओढलं आणि बघितलं, तर ती लव पांढरी होती. शेवरीच्या कापसासारखी पांढरी. सतरा वर्षांच्या पोरीला पांढरे केस! माझा चेहरा बघून तिचाही उतरला.

“डॉक्टर मॅडमले फोन लाव ना माय.”

“सप्ताह उरकू दे,” मी म्हटलं. हेच म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही मला.

त्या संध्याकाळी धर्मेंद्र महाराजांचं कीर्तन होतं. पहिल्यांदाच आले होते आमच्याकडे. गळा असा की मांडवाचे बांबू डोलावेत. तासभर त्यांनी आम्हाला रडवलं, हसवलं, पुन्हा रडवलं. मग देहावर बोलता बोलता केसांवर आले. हल्लीच्या पोरी केस मोकळे सोडतात, शाम्पू लावतात, तेल लावत नाहीत, म्हणून ही चाईची साथ. बाया माना डोलवत होत्या. मीही डोलवली.

“आणि माउल्यांनो, डॉक्टर काय करतो? सुई टोचतो. सुई टोचली की किडा खाली पळतो, मुळात जाऊन बसतो. ओळखायचं कसं? चाईच्या जागी पांढरा केस दिसला, की समजा किडा मुळाला पोचला!”

मांडवात ‘अरे अरे’ झालं. आज सकाळीच तर मी पाहिलं होतं. महाराज जणू माझ्या अंगणात उभे राहून बघून गेले होते.

मग त्यांनी एक काळी बाटली वर धरली. तेल. पांढरे केस वस्तऱ्याने खरडून काढायचे, खरखरीत कापडाने जागा लाल होईस्तोवर घासायची आणि हे तेल मुरवायचं. “आग झाली तर घाबरायचं नाही. आग होते म्हणजे किडा मरतो! एकवीस दिवसांत काळेभोर केस. ही माझी नाही, या गादीची हमी.”

हमी! तीच तर मला हवी होती. कीर्तन संपल्यावर त्यांनी बाटलीला बुक्का लावून ती माझ्या ओंजळीत दिली. प्रसाद घ्यावा तशी मी ती कपाळाला लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बूच काढलं आणि कामिनीने नाकाला ओढणी लावली.

“माय, हाई बिब्बानं तेल शे. वास तं ले.”

बिब्बा आमच्या घरोघरी असतो. टाचेत काटा मोडला तर गरम करून सुईच्या टोकाने नुसता टेकवायचा, तोही जाणत्या हाताने. कोवळ्या कातडीला लागला तर उततो. फोड येतात, पाणी भरतं. हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या बाईलाही कळतं. मलाही कळत होतं. वास मला बाटली उघडल्याबरोबर आला होता.

“नही शे बिब्बा,” मी म्हटलं. “महाराजनी गादीवरथीन दिधं शे ते.”

माझे मालक, मगनराव, केळीच्या बागेतून जेवायला आले होते. ते दारातच थांबले. “पह्यले त्या डॉक्टरीणले इचारी ल्या ना. एक फोनच तं शे.”

तेवढ्यात भिंतीवरून कौसाबाईचं डोकं वर आलं. “त्या बांगडीवालीनी पोरनी सुया टोच्या, काय उगनं? पांढरं! आते देवना घरनं औषध उनं, तं तुम्हले इटाळ व्हस का?”

मी पोरीचं डोकं गुडघ्यांत धरलं. ती लहान असताना उवा काढायला मी धरायचे तसंच. तिने एकदा मान सोडवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. मी वस्तरा फिरवला. ती पांढरी लव माझ्या बोटांना चिकटली, मी ती पदराला पुसली. नंतर गोणपाटाचा तुकडा घेतला आणि तेल चोळलं. तिन्ही ठिकाणी. ती ओरडली नाही, कण्हली. नुसती माझ्या पायाची नडगी धरून बसली, आणि तिची नखं रुतत होती तेव्हा मी मोठ्याने हरिनाम घेत होते.

सातव्या दिवशी सकाळी तिचा डावा डोळा उघडेना. कपाळ सुजून भाकरीसारखं झालं होतं. टाळूवर एवढाले फोड, काही फुटून उशी ओली झालेली. मगनरावांनी शेजारची गाडी मागितली. कौसाबाई दारात येऊन म्हणाली, “किडा मरी ऱ्हायना, म्हनीसन सुजनं. येक दिवस तं थांबा.” मगनरावांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या वहिनीच्या तोंडावर दार लावलं.

कहकशाँने जखमा धुतल्या, इंजेक्शन दिलं, औषध लिहून दिलं. मग हात पुसत माझ्याकडे वळली.

“काय लावलं?”

मी सांगितलं.

“लावायच्या आधी तिथे काही होतं? काही उगवलं होतं?”

“पांढरी लव होती. म्हणून तर घाबरले. वस्तऱ्याने काढली.”

ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, आणि तिचा आवाज चढत गेला, “काकू, ते केस होते. चाईत केस परत येतात ना, ते पुष्कळदा आधी पांढरेच येतात. बारीक, पांढरे. मग हळूहळू काळे होतात. मी तिसऱ्या भेटीत हेच सांगणार होते! तुम्ही आला का नाहीत? फोन का नाही केला? पोरगी बरी होत होती. बरी होत होती, काकू!”

बाहेरच्या बाकावर हाजराबी बसली होती. तिने आत डोकावून पोरीला दटावलं, “हळू बोल. माय शे ती.” त्यावर कहकशाँ म्हणाली, “म्हणूनच बोलते आहे.”

मग तिने कामिनीकडे बघून नीट सांगितलं. कानामागचं भाजणं वरवरचं आहे, तिथे मुळं वाचली असतील. टाळूवरचं खोल गेलंय. तिथे व्रण धरला तर मूळ उरणार नाही, आणि मूळ नसेल तर कुठल्याही औषधाने काही उगवणार नाही. कळायला काही महिने जातील. कामिनीने सुजल्या डोळ्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे पहिलं टक्कल भरून आलं असतं, आणि हे येणार नाही?”

“कदाचित,” कहकशाँ म्हणाली. “मी तुला खोटं सांगणार नाही.”

तिने पहिल्या दिवसापासून मला खोटं सांगितलं नव्हतं. म्हणूनच मला ती आवडली नव्हती.

आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन, सकाळी दहाला. पुन्हा धर्मेंद्र महाराजच. पोरीला घरी निजवून मी गेले आणि रोजच्या जागी बसले. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, रात्रंदिवस कुणाच्या तरी गळ्यात असते. त्या वेळची पाळी मगनरावांची होती. वीणेकरी म्हणून ते महाराजांच्या मागे उभे होते. डोळे लाल. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

महाराजांनी गोपाळकाल्याचं वर्णन सुरू केलं. गळा तोच. गादीच्या कडेला काळ्या बाटल्यांचं खोकं. तो गळा कानांत शिरला आणि माझ्या डोळ्यांना सवयीने पाणी आलं. त्या पाण्याचीच मला इतकी चीड आली की मी उठून उभी राहिले.

कौसाबाईने माझा पदर ओढला. “बस ना! कीर्तनमा कोन उठस?”

“महाराज,” मी म्हटलं. “मन्ही पोरनं डोकं जळनं तुम्हना तेलखाले.”

टाळ थबकले. महाराज हसले. हसायची सवय असते त्यांना. “माउली, बसा. पथ्य चुकलं असेल. श्रद्धा कमी पडली की औषध उलटतं.”

मी कौसाबाईच्या हातातून पदर सोडवून घेतला.

“मन्ही श्रद्धा मोजू नका महाराज! तीस वरीस ह्या मांडवनी पह्यली रांग मी सोडी नही. श्रद्धा व्हती म्हनीसन मी वस्तरा फिरावा. श्रद्धा व्हती म्हनीसन बिब्बाना वास गिळी टाका. जराशी कमी ऱ्हाती ना, तं पोरनं डोकं वाची जातं!”

“मावशी, काला चालू आहे—”

“किडा म्हने! पांढरा केस म्हनजे किडा! तो केस व्हता, केस! पोर बरी व्हई ऱ्हायंती. आते जशी हमी दिधी ना गादीवरथीन, तसंच गादीवरथीन सांगा बठासले, का मी खोटं बोलनू. आनि ह्या बाटल्या बायासना हातमाथीन परत ल्या.”

मागून कुणीतरी ओरडलं, “बायकोले आवरा मगनभाऊ!” महाराजांनी माझ्याकडे पाठ केली, मृदंगवाल्या जालमसिंगला खूण केली आणि वरच्या पट्टीत नामघोष उचलला. टाळ सुरू झाले. मी ओरडत होते आणि माझा आवाज हरिनामात बुडत होता. पोरीचा आवाज मी जसा बुडवला होता, अगदी तसाच.

तेव्हा मगनराव हलले. वीणा गळ्यात तशीच ठेवून, तार छेडत, ते गादीवरून खाली उतरले. हा माणूस बागेतल्या वानरांवरही मोठ्याने ओरडत नाही. बायकांच्या बाजूने वाट काढत आले आणि माझ्याशेजारी उभे राहिले. वीणेशिवाय गादीला गादी म्हणत नाहीत. जालमसिंगने बघितलं आणि मृदंगावरचा हात उचलला. एक एक करून टाळ थांबले. महाराज एकटेच दोन ओळी गात राहिले.

“वीणा खाली उतरवलीत! पाप लागेल गावाला!”

“वीणा खाले ठी नही महाराज,” मगनराव म्हणाले. “वीणा मन्हा गळामा शे. खाले तं तुम्ही उतरवानं शे.”

महाराज उतरले. म्हणाले, हा अपमान माझा नाही, नारदाचा आहे. आणि सगळं गाव माझ्या बाजूने उठलं असं काही झालं नाही. अर्ध्या गावाने पाया पडत पडत त्यांना गाडीपर्यंत पोचवलं. कौसाबाई त्यांत होती. म्हातारे फत्तेसिंगबाबा पुढे झाले, त्यांनी काल्याची हंडी फोडली आणि कसाबसा सप्ताह उरकला. चार बायांनी बाटल्या माझ्या पायाशी आणून ठेवल्या. बाकीच्यांनी पदराखाली झाकून घरी नेल्या. उरलेलं खोकं महाराजांबरोबर गाडीत गेलं. पुढच्या आठवड्यात त्यांचं कीर्तन रनाळ्याला आहे म्हणे. मी नाव-गाव लिहून पोलिसात अर्ज देणार आहे, आणि कहकशाँ त्याला आपला कागद जोडणार आहे. देव माझा आहे. त्याच्या गादीवरून हा माणूस तेल विकतो, हे मी सोडणार नाही.

घरी आले तेव्हा कामिनी खाटेवर उठून बसली होती. मांडवाचा भोंगा आमच्या घरामागच्या कडुलिंबावर बांधलेला होता. तिने सगळं ऐकलं होतं.

“बरं बोलनी तू,” ती म्हणाली.

मी तिच्याजवळ बसायला गेले, तर ती सरकली.

“त्यासले सांगं तू, का गादीवरथीन सांगा. मंग तू माले कोठथीन सांगशी?”

“काय सांगू, पोरी?”

“बिब्बा शे म्हनी मी सांगं व्हतं. फोन लाव म्हनी सांगं व्हतं, बाबानी बी सांगं. महाराज काय आपला घर उना व्हता? वस्तरा तुन्हा हातमा व्हता, माय. डोकं मन्हं व्हतं.”

मगनराव दारात पाय धूत होते.

“चूक मन्ही व्हयनी,” मी म्हटलं.

“तठे जितलं मोठ्यानं बोलनी ना, तितलं मोठ्यानं बोल.”

भिंतीपलीकडे कौसाबाईच्या अंगणात बाया जमलेल्या होत्या, त्यांची कुजबुज इकडे ऐकू येत होती. मी अंगणात गेले. मांडवात उठणं सोपं होतं, तिथे समोर परका माणूस होता. इथे भिंतीपलीकडे माझ्या रोजच्या बाया होत्या. मग मी भिंतीकडे तोंड करून ओरडले. पोर बिब्बा म्हणाली ते खरं होतं, मला वास आला होता, आणि तरी मी तिचं डोकं धरून ते चोळलं; महाराजांनी नाही, मी चोळलं. पलीकडची कुजबुज बंद झाली.

आत आले. कामिनी रडत नव्हती. तिने उशीखालचा मोबाईल माझ्याकडे सरकवला.

“आते मॅडमले फोन लाव. उद्या कितला वाजता यानं, इचार.”